तटावरची आनाइग

समुद्रकाठच्या सें-मालोच्या कोटाच्या आत गॅलेटच्या, म्हणजे खाऱ्या धिरड्यांच्या, दुकानापुढं रांग होती. माझ्यापुढं पन्नाशीचं एक पाहुणं जोडपं उभं होतं.

"तुगदुआल, हे गाव तू कधी पाहिलं नव्हतंस ना? मग कुणाला न विचारता गल्लीबोळांतून इथं कसं आणलंस?"

"आलो होतो एकदा. लग्नाआधी."

"एकटा?"

"आनाइगबरोबर."

"वाटलंच मला. कोटाच्या तटावरून फिरलात?"

"फिरलो."

"हातात हात घालून?"

"अगं नोल्वेन, रडत होती ती. दुसऱ्याशी लग्न ठरलंय म्हणाली. मी तिला तिथंच सोडलं आणि बस धरली."

"कधीची गोष्ट?"

"त्याच संध्याकाळी आपल्या गावच्या थांब्यावर तू भेटलीस की! पहिल्यांदा."

"थांब. तेव्हा तुझे डोळे लाल होते. समुद्राचा वारा लागला म्हणालास."

"मग काय सांगणार होतो?"

"मी माझा रुमाल दिला तुला! तिच्यासाठीचे अश्रू माझ्या रुमालानं पुसलेस?"

"तोच परत द्यायला दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आलो ना?"

"गोड बोलू नकोस."

दुकानातली बाई म्हणाली, "बोला, किती देऊ?"

"एकच. यांचं इथं आधीच खाऊन झालंय."