छकुलीच्या कपाटातला दिवा

—नाही नाही, स्टूल तिकडे नको, काका, त्या कपाटाला काही झालेलं नाही, ते माझं. बिघडलंय ते हे डावीकडचं — छकुलीचं, माझ्या मावसबहिणीचं. यातला दिवा संध्याकाळी आपोआप विझायला हवा, तो विझतच नाही. वायरिंगच जुनं असणार, दुसरं काय — अगं बाई. पक्कड खाली टाकताना सांगत जा हो जरा, काळीज हललं माझं.

हो, माश्याच आहेत. साध्या, घरातल्या. त्यांना बुरशी लागते — पावाला लागते तशी नाही, ही जिवंत माशीच्या आत वाढते. आणि संध्याकाळ झाली की माशी वर चढायला लागते, काडीच्या पार टोकापर्यंत, तिथे सोंड चिकटवते, पंख उचलते आणि मरते. मग पोटातून बुरशी बाहेर येते, खालच्या माश्यांवर पांढरी भुकटी उडते — त्यासाठीच तर तिला वर चढवलेलं असतं. माशीला मात्र वाटत असेल, आपणच चाललोय आपल्या मनाने. पण हे सगळं अंधार पडायच्या वेळेलाच, म्हणून हा दिवा. तो वेळेवर गेला की सगळ्या एकदम चढतात, आपण चिमटा घेऊन तयार असतो, ताज्या मेलेल्या उचलायच्या, निरोगी माश्यांच्या डब्यावर ठेवायच्या, की बुरशी पुढे गेली. शिळ्या चालत नाहीत. आणि दिवा गेलाच नाही तर वाटेल तेव्हा मरतात, सकाळी हाती नुसती टरफलं. छकुलीची बुरशी अशीच संपली. अख्खी. रडून रडून डोळे सुजवून घेतलेत पोरीने.

मला वाईट वाटतं का? म्हणजे काय, वाटणारच. तिला या प्रयोगशाळेत आणलं कोणी? मी. माशी कशी धरायची ते शिकवलं कोणी? मीच. आणि आमचे सर — येता-जाता छकुली, छकुली. मेलेल्या मादीला जिवंत समजून नर बिलगायला जातो आणि स्वतःच बुरशी घेऊन येतो, हे इथे आधी मी पाहिलं. पण पाहिलं आणि दचकले, झाकण सुटलं हातातून, माश्या खोलीभर. सर म्हणाले, भित्री भागूबाई, आधी झाकण धरायला शीक. मग दुसऱ्या दिवशी तेच छकुलीने पाहिलं — शांतपणे, झाकणबिकण धरून — आणि सरांना हाक मारली. झालं. आता दहा दिवसांनी कीटकांवरची परिषद आहे ना, तिथे दाखवायला माश्या घेऊन तीच जाणार. मावशी आईला म्हणते, तुझीपण हुशार आहेच गं, फक्त धीट नाही. आणि आई हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं?

मत्सर कसला, काका. मी आपली सांगतेय.

आणि आता तिच्याकडे दाखवायला माश्याच नाहीत, तर ज्याच्याकडे आहेत तोच जाणार ना? — सर तसं बोलले नाहीत अजून. काल म्हणाली, ताई, तुझ्यातल्या दोन मेलेल्या दे ना, माझं पुन्हा सुरू होईल. बघू म्हटलं. देणारच आहे मी. आज दिल्या तर परिषदेपर्यंत तिच्याही चढायला लागतील. पुढच्या आठवड्यात दिल्या तर — तर नाही लागणार.

तो घड्याळाचा डबा कशाला उघडताय? तो ठीकच आहे. ती लाल खुंटी तशीच असते, वर. म्हणजे — खाली असली की दिवा घड्याळाप्रमाणे, वर असली की कायम चालू, हे सगळ्यांनाच माहीत असतं. छकुलीला? तिला नसेल, कपाट मीच लावून दिलं होतं तिला. लागलं असेल कुणाचं तरी बोट चुकून. — तसं चुकून नाही लागत म्हणा, घट्ट आहे ती, नखाने उचकटावी लागते, माझं तर नखच —

काय बघताय?

खाली केलीत? बरं केलंत. एवढंच होतं तर. तिला मी सांगेन, तुम्ही नका बोलू खाली कुणाला. — जिन्यात पावलं वाजतायत ना? तीच असेल. चिमटा घेऊन येईल, ताई देईल म्हणून.

माझा दिवा गेला बघा. चढायला लागल्या. तुम्ही या आता, काका, स्टूल राहू दे. दार ओढून घ्या — कडी मी आतून लावते.