ओढ्यापलीकडची करडी घोडी

भाषणताई (सगळे याच नावाने ओळखतात, तेच लिहावे), वय ५९ वर्षे, धंदा पुस्तकबांधणी, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी थोरल्या भावासह राहते. मी करडी घोडी पळवली, अशी घोडेवाल्याने दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. ती खोटी आहे.

डोंगरातल्या पायवाटा घोड्यावरून पालथ्या घालायच्या, हे मी तरुणपणीच ठरवले होते. मध्ये जे काही आले त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. गेल्या रविवारी मी दादासह घोडेवाल्याच्या तबेल्यावर गेले व ही घोडी पसंत केली. दादा म्हणाला, "गुडघे तुझे, घोडी त्याची आणि हसू आपल्या घराचं." मी म्हणाले, "दादा, माणूस वयानं म्हातारा होत नाही. लोकांच्या परवानगीची वाट बघून होतो." तबेल्यातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

मी किंमत चुकती केली. घोडेवाल्याने सर्वांसमक्ष आपली अट सांगितली, "आठवडाभरात हिनं ओढा ओलांडला तर घोडी तुमची. नाहीतर घोडी माझी, पैसे निम्मे परत." याच अटीवर त्याने ही घोडी माझ्याआधी तिघांना विकली होती व तिन्ही वेळा ती त्याच्याकडेच राहिली. हे मला नंतर कळले.

सोमवारी घोडी काठावर अडली, गर्रकन वळली व मला घेऊन थेट त्याच्या दारात आली. तो म्हणाला, "या ताई, लवकर आलात! भाषण आवडलं नाही वाटतं तिला." दारात चंदीची, म्हणजे घोड्याच्या दाण्याची, पाटी आम्ही येण्याआधीच भरून ठेवलेली होती. घोडीने तिच्यात तोंड घातले. ती पाटी मी नीट पाहून घेतली.

मंगळवारी सकाळी मी हट्टाने पुन्हा ओढ्यावरच गेले. दादाने काठावर घोडीचा दोर धरला. मी तिला चंदीने भरलेली तोबऱ्याची पिशवी हुंगवली व ती खांद्याला अडकवून पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याच्या वर होते. पलीकडे जाऊन मी तिच्याशी बोलले. बराच वेळ बोलले. काय बोलले ते खासगी आहे. दादाने डोळे पुसले ते वाऱ्यामुळे, असे तो सांगतो. मग मी ओरडले, "सोड दोर!" घोडीने एकदा मागे, तबेल्याच्या दिशेला मान वळवली. मग ती पाण्यात आली.

त्यानंतर मी पाठीवर बसून ओढा अलीकडे व पुन्हा पलीकडे ओलांडला. तक्रारदाराचे म्हणणे, "बाई आधी पायी गेल्या, हे अटीत नव्हतं." माझे म्हणणे असे की, काठावर उभा राहून इतरांना पाण्यात ढकलतो तो पुढारी नव्हे. हे मी चाळीस वर्षे सभांतून सांगत आले. मंगळवारी करून दाखवले. घोडी परत देणार नाही.

आज मी ठाण्यावर घोडीवरूनच आले. रस्ता त्याच ओढ्यातून आहे. दादा माझ्या मागे बसला होता. त्याचे बूट कोरडे आहेत, बाहेर जाऊन खात्री करावी.

अंमलदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त 'हट्टाने' हा शब्द माझा नसून त्यांचा आहे. तो खोडू नये.