व्याह्यांना दिलेले पंधरा सेकंद

...नाही, मला एक सांगा, वेळ देणं हा गुन्हा आहे काय? माणसं वेळ काढतात, वेळ मारून नेतात, वेळेवर तोंड चुकवतात, ते सगळं चालतं, आणि मी आपला स्वतःहून, कोणी मागितलं नसताना, समोरच्याला थोडा वेळ दिला तर त्याने माझ्याशी बोलणं सोडावं? आणि वेळ तरी केवढा... पंधरा सेकंद हो. पंधरा सेकंदांत बशीतला चहा निवत नाही.

समोरचा म्हणजे कोण, तर आमचे व्याही. सदाशिवबाब, पेडण्याचे. आमची सुविधा त्यांच्या साईशला दिलीय. मी मये गावचा. शिरगावच्या बाजूला एका खाणीच्या वजनकाट्यावर होतो, खनिजाचे ट्रक यायचे, मी वजन करून सोडायचो. खाणी बंद झाल्या, काटा थांबला, मी घरी. व्याही वीज खात्यातून निवृत्त, खांबावर चढणारे. आता तुम्हाला सांगतो, खांबावरच्या माणसाने आणि काट्यावरच्या माणसाने एकमेकांशी बोलायचं काय? लग्नानंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं पाऊस आणि बांगडे यांच्या पलीकडे गेलं नाही. तुमच्याकडे पडला? पडला. बांगडे कसे? महाग. संपलं. मग दोघेही फोन कानाला लावून गप्प, कारण आधी ठेवायचा कोणी? मी मुलीकडचा, मी कसा ठेवणार?

हे साईशच्या लक्षात आलं. त्याने दोघांच्याही मोबाइलमध्ये बुद्धिबळ घालून दिलं. ते पेडण्यात बसून चाल करणार, मी मयेत बसून. प्रत्येकाचं आपापलं घड्याळ, दहा-दहा मिनिटांचं, आणि ज्याचं घड्याळ आधी संपलं तो हरला, मग पटावर त्याची फौज कितीही उभी असो. दुपारचा चहा झाला की डाव. माणूस दिसत नाही, पण कळतो हो. व्याही घोड्यांचे भक्त. उंट गेला तर जाऊ दे म्हणतील, घोडा गेला की दुसऱ्या दिवशीच्या डावात सूड घेतील. मी हत्तीवाला, कोपऱ्यात बसून वाट बघणारा. पाऊस आणि बांगडे सुटले, नातं खरं म्हणजे तिथे जुळलं.

आणि मग गणेशचवथीच्या तोंडावर व्याह्यांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच. बोलणं ठीक, चालणं ठीक, उजवा हात मात्र थरथरायला लागला. भर पावसात खांबावर चढून तारा जोडणारा हात तो... पण डाव काही सोडला नाही त्यांनी. सुविधा सांगायची, बोट न्यायचं घोड्यावर, ते पडायचं शेजारच्या उंटावर. परत उचलायचं, परत न्यायचं. इकडे मी बघत बसलेला. माझा वजीर गेलेला, राजा उघडा पडलेला, आता मला मात बसणार हे मला दिसतंय, त्यांना दिसतंय... आणि त्यांचं घड्याळ संपायचं. पडद्यावर अक्षरं यायची, तुम्ही जिंकलात. कोण जिंकलं? मी?

माझी बायको विमला म्हणाली, आजारी माणसाला असं हरवून तुम्हाला चहा गोड कसा लागतो हो. सुविधाचा फोन आला, सासरे धड जेवत नाहीत, म्हणतात मी रघुनाथबाबांकडून हरलो असतो तर काही नाही, मी बोटाकडून हरलो. आणि हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही जरा मुद्दाम हरा की. आता मुद्दाम हरायचं म्हणजे काय? भरलेला ट्रक रिकामा म्हणून काट्यावरून सोडायचा? ते मी नोकरीत कधी केलं नाही, व्याह्यांशी कसं करू?

तेव्हा साईशने ती खूण दाखवली. समोरच्याच्या घड्याळाशेजारी बारीक अधिकची खूण असते. ती आपण दाबली की त्याला पंधरा सेकंद जास्त मिळतात. आपले काही जात नाहीत. मला हे एकदम पटलं. चाल त्यांची, डोकं त्यांचं, फक्त बोट पोचेपर्यंत घड्याळाने थांबायचं, यात खोटं काय? मी दाबायला लागलो. व्याहीही जिंकायला लागले. पोटभर जेवायला लागले. सुविधा म्हणाली, पेडण्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगतात, आमचे व्याही माणूस चांगले पण बुद्धिबळात कच्चे. म्हटलं, म्हणू देत. पंधरा सेकंदांत कोणाचं काय जातं?

पण मग त्यांनी मोतीबिंदू काढला. नवा चष्मा आला. आणि त्या चष्म्यातून त्यांना काय दिसावं, तर आपलं घड्याळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. डाव तिथेच टाकला आणि फोन केला. पाऊस नाही, बांगडे नाही.

"रघुनाथबाब, ही वेळ कोणाची?"

मी म्हटलं, यंत्राचं काहीतरी असेल. म्हणाले, यंत्र कोणाला फुकट देत नाही, मी जन्मभर वीज दिलीय. मग अगदी सावकाश म्हणाले,

"हात हालता. तकली न्हय."

हात हलतो, डोकं नाही. आणि फोन ठेवला. त्यांनी आधी ठेवला हो, पहिल्यांदाच.

डाव बंद. सुविधा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विमलाला भेटली, म्हणाली, दुपारचा चहा झाला की नुसते रस्त्याकडे बघत बसतात. शिरगावची लईराई देवीची जत्रा आली. जत्रेला व्याही आमच्याकडे जेवायला आले नाहीत, असं लग्नापासून झालं नव्हतं. पाहुणे विचारतात, व्याही कुठे? काय सांगू? पंधरा सेकंदांवरून रुसले म्हणून?

शेवटी मीच निघालो. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाला बस बदलून पेडणे. विहीण शांताबाई म्हणाल्या, बरं झालं आलात. व्याही बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसलेले. या म्हणाले, बसा म्हणाले, चहा सांगितला. माफीबिफी मी ठरवून गेलो होतो, पण त्यांनी तोंड उघडू दिलं तर ना. मोबाइल काढला आणि म्हणाले, खेळा, त्या खुणेला हात लावायचा नाही. मग काय, एका सोप्यावर शेजारी-शेजारी बसून दोन म्हातारे आपापल्या मोबाइलमध्ये खेळताहेत. रस्त्यावरून जाणारे बघून हसत होते.

आणि तुम्हाला सांगतो, खेळताना तो हात मी पहिल्यांदा बघितला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचे, पाखरू धरावं तसं, आणि मग बोट हळूहळू पटावर उतरवायचे. चुकलं की मनगट परत वर. चेहऱ्यावर काही नाही. मी बघतच राहिलो. म्हटलं, हा माणूस रोज एवढं करत होता, आणि मी तिकडे मयेत बसून त्यावर सेकंद शिंपडत होतो. बघता बघता माझ्या लक्षातच आलं नाही की चाल माझी आहे. घड्याळ माझं चाललंय... संपतच आलंय. चार सेकंद, तीन... आणि एकदम वाढलं.

शेजारी पाहिलं. व्याह्यांचं बोट त्या खुणेवर.

"हे हो काय? खुणेला हात लावायचा नाही म्हणालात ना?"

"सांगून देतोय," ते खूण पुन्हा पुन्हा दाबत म्हणाले. "दिला वेळ. आता नीट बघा, काहीही खेळा, पुढच्या चालीत तुम्हाला मात आहे. घड्याळाकडून हरू नका, माझ्याकडून हरा."

मी म्हटलं, मग मी देत होतो ते तरी काय वेगळं होतं? मलाही तेच हवं होतं. ते म्हणाले, हवं तेच होतं, पण तुम्ही मला विचारलं होतंत? खरंच, तेवढं विचारायला फोनवर पंधरा सेकंदही लागले नसते.

मग ठरलं. बोट चुकलं तर ते सांगणार, द्या. मी देणार. न सांगता कोणी द्यायचा नाही. एवढं बोलून त्यांनी पटाकडे बोट केलं आणि मी नीट बघितलं. घोडा. दुसरं काय असणार? राजाला पळायला घर नाही, घोड्याला मारायला प्यादं नाही. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, ते शांतपणे चहा पीत बसलेले, वर म्हणतात, आणखी वेळ हवा तर सांगा.

आमच्यात म्हणतात, मुलीच्या सासरी पाणीसुद्धा पिऊ नये. मी बस बदलून तिथे गेलो आणि मात खाऊन आलो. आता आग्रहाने वाढलेली... नको तरी कसं म्हणायचं?