लटकलेली कनेक्शनं

तुम्ही मले भांडकुदळ म्हणता ना, मग हे ऐकाच. अ‍ॅम्ब्युलन्सचे कॉल घेऊन ड्रायव्हरले पाठवणारा सर्व्हर मी सांभाळते. ड्रायव्हरच्या मोबाइलचं नेटवर्क गेलं की त्याचं कनेक्शन लटकायचं, अन् सर्व्हर त्याच्या उत्तराची वाट पाहत बसायचा. अशी बरीच साचली की नवा कॉल आत येतच नव्हता.

मॅनेजर म्हणाले, "दर तासाले रिस्टार्ट मारत जा."

"सर, रिस्टार्ट होतपर्यंत सगळं बंद राहते. तेवढ्यात तिकडं कळमना वस्तीत कोणाले अटॅक आला तं?"

"आजवर आला का?"

"आला असंल तं आपल्याले कळंल कसं? त्याचा कॉलच लागला नसंल."

ते चिडले. "कोडले हात लावायचा नाही!"

मी लावला. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर कनेक्शन तोडायचं, एवढंच लिहिलं. नेटवर्क आलं की ड्रायव्हर आपोआप परत जुळतो. त्या दिवशी सर्व्हर एकदाही अडकला नाही.

संध्याकाळी मॅनेजर टेबलापाशी आले. "कोणाले विचारून केलं?"

"कोणालेच नाही. काढायचं असंल तं तुमच्या हातानं काढा, अन् काढल्याचं लिहून द्या."

आठ महिने झाले. कोणी काढलं नाही.