दालमास यांची एकुलती एक ओळ

(पॅरिस. अकादमीच्या सभागृहामागची एक छोटी खोली. समारंभ सुरू व्हायला थोडाच वेळ आहे.)

स्वाझिक: श्वास आत घे. अजून घे. हे शेवटचं बटण लागलं की सोड.

आर्मेल: सोडला तर तुटेल.

स्वाझिक: तुटू दे. कोटावर सोन्याच्या धाग्याची एवढी पानं काढत बसला, पण पोटाला दोन बोटं जागा ठेवायचं सुचलं नाही मेल्याला. माप घेतलं होतं तरी का त्या शिंप्याने?

आर्मेल: घेतलं होतं. पण ते नाताळच्या आधी. नंतर तुझा लोण्याचा केक आला.

स्वाझिक: आलीस माझ्या केकवर घसरून! ताई, तू जगाला सोडशील, पण बहिणीला सोडणार नाहीस. बरं, हातमोजे घाल.

आर्मेल: जात नाहीत गं. पेरांवर अडकतात.

स्वाझिक: अडकणारच. तारल्यांच्या कारखान्यातल्या खाऱ्या पाण्यात फुगलेली पेरं ती, ती काय आता उतरताहेत? माझी बघ. ही अंगठी आता बोटासकटच जायची. थांब, जरा पावडर लावते.

आर्मेल: राहू दे. वर कोण कोण आलंय?

स्वाझिक: कारखान्यातल्या सगळ्या आल्यात. आपल्या गावाहून, दुआर्ननेहून, आख्खी बस भरून आलीय. पांढऱ्या टोप्या इस्त्री करून सज्जात बसल्यात ओळीने. तो दारावरचा पोऱ्या विचारतो, "आपण कुणाकडून?" आमची फान्शेत म्हणाली, "आम्ही हिरव्या कोटातल्या बाईकडून." तो म्हणाला, "इथे सगळेच हिरव्या कोटात असतात." तर ही म्हणते, "असतील. पण त्यातल्या किती जणांना तारली साफ करता येते?"

आर्मेल: सोडलं ना मग त्याने?

स्वाझिक: न सोडून सांगतो कुणाला! कोण आहे? दार वाजतंय. या, उघडंच आहे.

रुव्हिए: क्षमा असावी, मादाम. मी रुव्हिए, अकादमीचा सचिव. मंगळवारी भेट झालीच होती आपली.

आर्मेल: विसरले नाही. मंगळवारी समितीपुढे माझं भाषण वाचून झालं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना पाणी विचारत होतात.

रुव्हिए: गरज होती, मादाम. दोघांना खोकल्याची उबळ आली होती. ह्या आपल्या भगिनी का?

स्वाझिक: हो, धाकटी. स्वाझिक. बसा की. खुर्चीवरची टोपी तेवढी बाजूला करा, तिला पिसं आहेत.

रुव्हिए: उभाच बरा. मादाम, आपल्याकडे एक परंपरा आहे, ती मी आपल्याला नव्याने सांगायला नको. नवा सभासद ज्याच्या गादीवर बसतो, त्या दिवंगत सभासदाचं गुणगान करतो. आपल्याला मस्यू हुबेर दालमास यांची गादी मिळाली आहे. आपण त्यांच्याविषयी फार सुंदर लिहिलं आहे. त्यांचा अभ्यास, त्यांचे प्रवास, त्यांच्या गुलाबांची बाग. समितीला ते सारं अतिशय आवडलं. प्रश्न शेवटच्या परिच्छेदाचा आहे.

आर्मेल: परिच्छेदाचा नव्हे, ओळीचा. एकाच ओळीचा.

रुव्हिए: ओळीचा. मी शेवट नव्याने टंकून आणला आहे. ती ओळ नाही, बाकी शब्द आपलेच आहेत.

स्वाझिक: हीच का ती ओळ? ताई, मला कधी पुरती म्हणून दाखवली नाहीस तू. चाळीस वर्षं नुसतं "ती ओळ, ती ओळ" ऐकतेय मी. गावात जो तो आपापल्या परीने सांगायचा.

आर्मेल: मस्यू रुव्हिए म्हणून दाखवतील. पाठ असेल त्यांना.

रुव्हिए: मादाम, मला संकोच वाटतो.

आर्मेल: म्हणजे पाठ आहे.

रुव्हिए: ...आपल्या पहिल्या कादंबरीला बक्षीस मिळालं, त्याच आठवड्यात मस्यू दालमास यांनी लिहिलं होतं, "तारल्यांची मुंडकी छाटणारे हात असं वाक्य लिहीत नसतात, त्यासाठी घरात एक प्राध्यापक असावा लागतो."

स्वाझिक: हात्तिच्या! आणि हा माणूस गुलाब लावायचा?

रुव्हिए: त्या काळातल्या साहित्यिक चकमकी होत्या, बाई. त्यांना विनोदाची आवड होती.

आर्मेल: होती ना. लोकांनाही ती ओळ आवडली. प्राध्यापक म्हणजे माझा नवरा. पत्रकार दारात आले आणि त्यांनी एत्येनला विचारलं, "कादंबरी खरं म्हणजे तुम्हीच लिहिलीत का?" तो काय म्हणाला, ठाऊक आहे?

रुव्हिए: मी तेव्हा शाळेत होतो, मादाम.

आर्मेल: काहीच म्हणाला नाही. हसला. छान, नम्र हसला. रात्री मी त्याला म्हटलं, एक ओळ लिहून दे वर्तमानपत्राला, "मी लिहिलेली नाही" एवढीच. तर म्हणाला, असल्या क्षुद्र गोष्टींना उत्तर देणं आपल्याला शोभत नाही. मी टंकयंत्र उचललं आणि घराबाहेर पडले.

स्वाझिक: कपडे-बिपडे काही घेतले नाहीत, झगे सगळे तिथेच! माझा निळा झगा घालून हिंडली वर्षभर.

आर्मेल: मग मी लिहीत सुटले. दुसरी कादंबरी आली, लोक म्हणाले, नवऱ्याने सोडण्याआधी दिली असेल. तिसरी आली, चौथी आली. पाचवी आली त्या वर्षी एत्येन वारला, आणि मग सहावी आली.

रुव्हिए: तेव्हा तरी संशय फिटला असेल.

आर्मेल: तेव्हा म्हणाले, मागे बरंच लिहून ठेवलेलं दिसतंय बिचाऱ्याने.

स्वाझिक: बघा! माणूस मेला तरी लिहितोय, आणि जिवंत बाईच्या हातात मात्र लेखणी दिसत नाही.

रुव्हिए: पण आज आपल्याला सन्मानाने निवडलं आहे, मादाम. अकरा कादंबऱ्यांसाठी. आज त्या जुन्या गोष्टीवर आपण विजय मिळवला आहे. मग विजयाच्या दिवशी गेलेल्या माणसाचे वाभाडे काढणं... आणि त्यांचे मित्र अजून आहेत समोर. आपल्याला पुढे त्यांच्याच शेजारी बसायचं आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

स्वाझिक: अहो सचिवसाहेब, माशांशी वैर करूनच पोट भरलं आम्ही दोघींनी.

आर्मेल: मस्यू रुव्हिए, तुम्ही परंपरा सांगितलीत, ती अर्धीच सांगितलीत. उरलेली मी सांगू? भाषणाच्या शेवटी गेलेल्या सभासदाच्या लेखनातली, लोकांच्या स्मरणात राहिलेली एक ओळ म्हणायची. आहे की नाही?

रुव्हिए: आहे.

आर्मेल: निवड झाली तेव्हाच तुम्ही मला हा नियम छापील पाठवलात. मग मी दालमास यांची सगळी पुस्तकं आणवली आणि बसले वाचत. आळस केला नाही. त्यांची समीक्षा, प्रवासवर्णनं, ती शोकांतिका, जिचा एकच प्रयोग झाला. मग ओळखीच्यांना फोन केले. म्हटलं, दालमास यांची एखादी ओळ आठवते का? संपादकांना विचारलं, प्राध्यापकांना विचारलं, कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याला विचारलं. सगळ्यांनी एकच ओळ म्हटली.

रुव्हिए: मादाम...

आर्मेल: त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांतून लोकांच्या तोंडी एवढंच राहिलं. मी ती गाळली, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. दुसरी कुठली घालू, सांगा. आठवत असेल तर आत्ता सांगा, मी तीच म्हणते.

स्वाझिक: बघा बघा, आठवून बघा. गुलाबांवर काही असेल.

रुव्हिए: माझी चेष्टा करा, हरकत नाही. पण मादाम दालमास पहिल्या रांगेत बसल्या आहेत. नव्वदीच्या आहेत. चाकाच्या खुर्चीतून आणलंय त्यांना, नवऱ्याचा गौरव ऐकायला. त्यांनी काय बिघडवलं आहे आपलं?

स्वाझिक: हे मात्र खरं गं ताई. म्हातारीला कशाला रडवायचं? मेलेल्याला दिलेल्या शिव्या जिवंताला लागतात.

आर्मेल: काल मी गेले होते तिच्याकडे.

रुव्हिए: कुणाकडे?

आर्मेल: मादाम दालमासकडे. तिच्या पाठीमागे नाही बोलायचं, तिला आधी ऐकवायचं, असं ठरवलं होतं. नको म्हणाली असती, तर गाळली असती मी. आईशप्पथ गाळली असती. ही गादीही सोडली असती कदाचित, पण तिच्या तोंडावर म्हटली नसती.

रुव्हिए: मग?

आर्मेल: तिने कॉफी दिली. भाषण शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "आमच्याकडे जेवायला माणसं आली की हुबेर ही ओळ म्हणायचे. लोक हसायचे आणि मी ताटं उचलायचे." मग मला विचारलं, "उद्या तिथे कुणी हसेल का हो?" मी म्हटलं, नाही हसणार. ती म्हणाली, "मग वाचा. न हसता कशी ऐकू येते, ते एकदा बघायचंय मला."

स्वाझिक: अगं बाई.

रुव्हिए: असं म्हणाल्या त्या?

आर्मेल: खुर्चीतून आणलंय म्हणता ना? विचारा जाऊन, कोणी आणलंय ते. डॉक्टर नको म्हणत होता. हट्टाने आली आहे.

रुव्हिए: मग मला काही बोलायचं नाही. फक्त एक विचारतो, सचिव म्हणून नाही. अकरा पुस्तकं, हा कोट, ही गादी. एवढं झाल्यावरही ती ओळ कशाला हवी आपल्याला? जगाला आता पटलं आहे.

आर्मेल: जगाचं सोडा हो. माझ्या आईने विचारलं होतं.

स्वाझिक: काय विचारलं होतं?

आर्मेल: तुला नाही ठाऊक. ते सगळं घडलं त्या हिवाळ्यात मी घरी आले होते. बाजारात बायका तिला म्हणायच्या, जावई काय छान लिहितो हो तुमचा. मी जेवत होते. ती समोर बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, खरं सांग. तूच लिहिलंस ना?" आईने विचारलं गं. माझ्या आईने. मी ताट सरकवलं, उठले, पहिली गाडी पकडली. उत्तर दिलंच नाही. मग ती गेली.

स्वाझिक: आणि हे तू इतकी वर्षं उराशी घेऊन बसलीस?

आर्मेल: मग काय करू? दालमास मेला म्हणून ती थोडीच परत येणार आहे, उत्तर ऐकायला.

स्वाझिक: वेडी आहेस तू. लिहिण्यात हुशार आणि बाकी ठार वेडी. तू गाडी पकडून गेलीस, तर त्या रात्री आईने मला पुस्तक काढायला लावलं. तिला फ्रेंच वाचता यायचं नाही. मी एकेक पान वाचायची आणि आपल्या ब्रेतों बोलीत सांगायची. ते पान आलं ना, शनिवारच्या रात्रीचं? ती बाई रविवारच्या प्रार्थनेला जायच्या आधी मासळीचा वास जावा म्हणून हातांना कॉफीचा चोथा चोळत बसते, आणि पोरींना सांगते, बापाला सांगू नका, तो चोथा पुन्हा उकळायचा असतो म्हणून?

आर्मेल: हो.

स्वाझिक: तिथे आईने मला थांबवलं. स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "हे त्या मास्तरला कुठून ठाऊक असणार? आपल्या आर्मेलनेच लिहिलंय हे." आणि म्हणाली, "पुढे वाच."

आर्मेल: तू मला सांगितलं का नाहीस?

स्वाझिक: तू विचारलंस कधी? दर वेळी यायचीस ती भांडायच्या तयारीत. आणि मला काय ठाऊक, तुला हे हवंय! मला वाटलं, तुझं भांडण पॅरिसशी आहे. पूस डोळे. त्या रुमालाने नको, त्याला पावडर लागलीय.

रुव्हिए: मादाम... सभासदांच्या प्रवेशाचे ढोल सुरू झाले आहेत. निघायला हवं.

स्वाझिक: मग आता? आईला तर कळलं होतं. आता गाळायची का ती ओळ?

आर्मेल: नाही.

स्वाझिक: मग कुणासाठी म्हणतेस?

आर्मेल: कुणाला पटवायला नाही म्हणत आता. आजपर्यंत ती ओळ त्याची होती. आज मी ती या कोटात उभी राहून, माझ्या आवाजात म्हणणार. वर सज्जात पांढऱ्या टोप्या बसल्यात ना? त्यांचेही हात होते त्या ओळीत. त्यांनाही न हसता ऐकू दे.

रुव्हिए: मी आणलेला हा कागद...

आर्मेल: तुमच्याजवळच ठेवा. तुमचा शेवट वाईट नाही, मस्यू रुव्हिए. फक्त तो कुणाच्याही लक्षात राहणार नाही.

रुव्हिए: चला. मी दार उघडतो. सावकाश, तीन पायऱ्या आहेत... मादाम, थांबा. आपले हातमोजे राहिले टेबलावर.

आर्मेल: राहू देत.