जोशीकाकांचं मत

मी स्वतः बाप्टिस्ट ख्रिश्चन आहे म्हणून हक्काने सांगतो, आमच्या लोकांसारखे वैताग देणारे लोक शोधून सापडणार नाहीत. आमच्यात वरून हुकूम देणारा बिशप नसतो ना, त्यामुळे पडद्याचा रंगसुद्धा हात वर करून ठरतो.

तुळिंजला एसटीडी बूथच्या वर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमची रविवारची उपासना चालायची. सोसायटीला ती बंद करायची होती, आणि भाडेकरूंना मत नव्हतं. वरच्या मजल्यावरचे जोशीकाका, पक्के नास्तिक, आपणहून म्हणाले, "मीटिंगमध्ये तुमच्या बाजूने मी बोलतो. चालेल ना?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात आमच्या मंडळीतले ज्येष्ठ सॅम्युएल अंकल आडवे आले. "देव न मानणाऱ्याची मदत? आधी मंडळीला विचारावं लागेल."

झालं! तीन रविवार नुसती चर्चा. "उद्या हा माणूस आपली पोरं नास्तिक करेल," इथपर्यंत गाडी गेली. शेवटी हात मोजले, तर अकरा विरुद्ध अकरा! मी कपाळावर हात मारला.

जोशीकाका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मी वैतागून म्हटलं, "काका, आता तुम्हीच हात वर करा."

अंकल कडाडले, "त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही! त्यांना मत नाही."

"बरोबर आहे," काका शांतपणे म्हणाले. "माझं मत सोसायटीत आहे. कालच्या मीटिंगमध्ये ते तुमच्यासाठी देऊन आलो. एका मताने वाचलात. तुमचं ठरायची वाट बघत बसलो असतो, तर आज हे हात तुम्ही जिन्यात वर केले असते."