मधल्या भिंतीचं दार

गवंडीण : आता शेवटचं विचारते, थोरल्या वहिनी. तुम्हा दोघींच्या घरांमधल्या या भिंतीत दार हवंय की नकोय? सकाळी चौकट उभी केली, दुपारी काढली, आता पुन्हा उभी. ही चौकट आहे की आलेली-गेलेली पाहुणी?

थोरली : काढ म्हटलं ना मी. गावाच्या सभेतही हेच सांगितलं होतं. भिंत सलग हवी.

गवंडीण : आणि या तुमच्या धाकट्या जाऊबाई माझ्या कानात सांगून गेल्या, चौकट बसव.

धाकटी : कानात नाही. हळू सांगितलं.

थोरली : अगं, सभेत तूच मान हलवलीस की!

धाकटी : तुम्ही बोललात म्हणून हलवली. एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, तुमच्या बोलण्याला मान हलवायची सवयच लागलीय मला.

थोरली : हो का? मिठाच्या बाबतीत नाही लागली ती.

गवंडीण : मीठ नंतर! चिखल वाळतोय. तिकडे अख्खी आळी विटा घेऊन रांगेत उभी आहे. आज तुमच्या घराची पाळी, उद्या न्हाव्याच्या. आणि ही काही भट्टीची वीट नव्हे. इथलीच माती, दाबून केलेली, उन्हात वाळवलेली. चौकट आधी उभी राहते, भिंत तिच्या अंगाने वाढते. मागाहून दार फोडायला गेलात तर छपरापर्यंत तडा.

थोरली : म्हणूनच नको. पुढे कुणाला फोडताच येऊ नये.

धाकटी : ताई, सामाईक भिंत घ्या, विटा वाचतात, घर गार राहतं, दोघींच्या ऐपतीत बसतं, हे सगळ्या गावाला तुम्हीच पटवलंत ना?

थोरली : भिंत सामाईक म्हटलं होतं. संसार नव्हे.

गवंडीण : दोघे भाऊ काय म्हणतात?

धाकटी : म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा.

गवंडीण : झालं! म्हणजे आलं माझ्याच गळ्यात.

धाकटी : ताई, खरं सांगा. आमचं तोंड बघायचं नाहीये का तुम्हाला?

थोरली : वर मलाच विचारतेस? घरांचा विषय निघाल्यापासून उड्या तू मारतेयस. माझी चूल, माझी खिडकी, माझं फडताळ.

धाकटी : चूल म्हणाले. दार नको असं कधी म्हणाले?

थोरली : मग तुला वेगळं व्हायचंय की नाही?

धाकटी : व्हायचंय. म्हणजे, सकाळी व्हायचं असतं. रात्री पोरगी तुमच्या कुशीत झोपली की मग मला काही कळत नाही.

थोरली : तिला यात आणू नकोस.

धाकटी : का नको? माझी मुलगी आहे ती.

थोरली : तेच म्हणतेय मी.

(गवंडीण थापी खाली ठेवते.)

थोरली : दार असलं की ती रोज उशी घेऊन येणार. माझा पदर मुठीत धरून झोपणार. आणि तू रोज पलीकडून हाक मारणार, चल, आपल्या घरी. आपल्या घरी! मला ते रोज नको गं. मला मूल झालं नाही, ते एकदा सोसून झालं. तिचं जाणंही एकदाच होऊ दे.

धाकटी : आणि मी समजत होते, तुम्ही आम्हाला तोडताय.

थोरली : मी समजत होते, तू तोडतेयस.

गवंडीण : मला तर काही समजेनासंच झालंय.

धाकटी : मी हाक मारेन, ताई. खोटं कशाला बोलू? मलाही ती जवळ हवी असते. पण काही रात्री नाही मारणार.

थोरली : कुठल्या रात्री?

धाकटी : ते मला तरी काय माहीत!

थोरली : हे काय उत्तर झालं?

धाकटी : नाहीच झालं.

गवंडीण : वहिनी, चिखल.

थोरली : असू दे चौकट.

गवंडीण : नक्की?

थोरली : नक्की कुठलं आलंय! असू दे म्हटलं, बस.

गवंडीण : आणि कडी? कुणाच्या बाजूला लावू?

थोरली : हिच्या.

धाकटी : ताईंच्या.

गवंडीण : अरे देवा. पुन्हा तेच.

थोरली : कुठेही लाव. पण पोरीचा हात पुरेल इतकी खाली लाव.

गवंडीण : घालायला की काढायला?

थोरली : ते अजून मलाच कळलेलं नाही, बाई. तू ओळंबा धर.